शेजारच्या सोल फूड खानावळीत पहिल्यांदा जाताना

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीसाठी आलेला मराठी माणूस पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बाहेर जेवायला जातो तो बहुधा भारतीय, मेक्सिकन, थाय आणि इटालियन या चारच दारांतून. अटलांटा, शिकागो, डिट्रॉइट, फिलाडेल्फिया, ओकलंड अशा शहरांच्या आसपास मराठी कुटुंबे राहतात आणि याच शहरांत आफ्रिकी-अमेरिकी समाजाच्या जुन्या वस्त्यांमध्ये सोल फूडच्या, म्हणजे त्या समाजाच्या मूळच्या दक्षिणी घरगुती जेवणाच्या, लहान खानावळी वर्षानुवर्षे चालत आलेल्या आहेत. तरीही दहा-दहा वर्षे राहून एकदाही तिथे न गेलेली माणसे मला नेहमी भेटतात. कारण विचारले तर तीन उत्तरे मिळतात. तिथे सगळे मांसाहारी असते, सगळे तळलेले असते आणि काय मागायचे तेच कळत नाही. पहिली दोन उत्तरे अर्धवट खरी आहेत. तिसऱ्यासाठी हा लेख लिहिते आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सोल फूडच्या खानावळीची पारख तळलेल्या कोंबडीवरून करू नये. ती कडेच्या पदार्थांवरून करावी. कोंबडी बऱ्यापैकी तळणारी ठिकाणे पुष्कळ सापडतात, पण पालेभाजी एकेक पान पाहून निवडणारे, माती पूर्ण जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून ती धुणारे आणि दीड-दोन तास मंद आचेवर शिजू देणारे स्वयंपाकघर निराळेच असते. मराठी जिभेला या जेवणाची ओळख पटते तीसुद्धा मुख्य पदार्थातून नव्हे, तर या कडेच्या पदार्थांतूनच.

जाण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे

‘सोल फूड’ हे नाव १९६० च्या दशकात, कृष्णवर्णीयांच्या आत्मसन्मानाच्या चळवळीबरोबर रूढ झाले; जेवण मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांना मालकाकडून ठरावीक शिधा मिळत असे. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात तो नोंदवून ठेवला आहे: मोठ्या माणसाला महिन्याला ८ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढीच मासळी, आणि १ बुशेल, म्हणजे सुमारे ३५ लिटरच्या मापाचे, मक्याचे पीठ. महिनाभराच्या कष्टाला साडेतीन-पावणेचार किलो मांस आणि बाकी सारा मका, एवढ्यावर ज्यांना जगायचे होते त्यांनी झोपडीमागच्या तुकड्यात भाजी लावली, नदीतले मासे धरले, मालकाच्या घरी टाकून दिले जाणारे भाग घेतले आणि आफ्रिकेतून आलेल्या भेंडी, चवळी आणि तिळाच्या आधाराने आपले स्वयंपाकघर उभे केले. आपल्या घरातली ज्वारी आणि चवळी हीदेखील मूळची आफ्रिकेचीच. ती आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी आली एवढाच फरक.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख आफ्रिकी-अमेरिकी लोक दक्षिण सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले. म्हणूनच शिकागोच्या किंवा डिट्रॉइटच्या खानावळीत जे वाढले जाते ते मुळात मिसिसिपी किंवा अलाबामाच्या खेड्यातले घरचे जेवण असते. ज्या काळात गोऱ्यांच्या उपाहारगृहांत या लोकांना प्रवेशच नव्हता, त्या काळात आपली खानावळ म्हणजे निर्धास्तपणे बसून जेवण्याची आणि बोलण्याची जागा होती. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी अशा जागांची मार्गदर्शिकाच काढली होती. अटलांटामधील ‘पास्कल्स’ (१९४७) आणि न्यू ऑर्लिन्समधील ‘डूकी चेज’ (१९४१) या ठिकाणी नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या बैठका जेवणाच्या टेबलांवर होत असत. अलाबामाच्या माँटगोमेरी शहरात १९५५ मध्ये बसमधील वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार सुरू झाला, तेव्हा जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी आणि त्यांच्या सोबतिणींनी तळलेली कोंबडी, केक आणि ‘पाय’ (pie, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकून चळवळीला पैसे पुरवले.

हे मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती अर्पण केली होती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ज्यांच्या मुक्तीने पुण्यात बसलेल्या जोतीरावांना एवढा आनंद झाला, त्यांच्या पणतवंडांच्या हातचे हे जेवण आहे.

खानावळ शोधताना

पहिल्या खेपेला नावाजलेले ठिकाण निवडले तरी हरकत नाही. हार्लेममधील ‘सिल्व्हियाज’ १९६२ पासून, वॉशिंग्टनमधील ‘फ्लोरिडा अॅव्हेन्यू ग्रिल’ १९४४ पासून आणि अटलांटामधील ‘बिझी बी कॅफे’ १९४७ पासून लोकांना जेवू घालत आहेत. मात्र तुम्ही राहता त्या शहरातली शेजारची खानावळ हाती लागणे जास्त मोलाचे आहे, कारण तिथे पुन्हापुन्हा जाता येते. ती अशी मोठ्या जाहिरातीने सापडत नाही. फोनवर शोधताना ‘सोल फूड’ या शब्दांबरोबरच ‘होम कुकिंग’, ‘सदर्न किचन’, ‘कॅफे’ आणि ‘ग्रिल’ असेही शोधावे. तारकांच्या संख्येपेक्षा लोकांनी टाकलेली छायाचित्रे पाहावीत. काचेआड वाफेवर गरम ठेवलेली लांबट स्टीलची भांडी, ताटावरच्या कप्प्यांत हिरवीगार शिजलेली पालेभाजी आणि भिंतीवर वाराप्रमाणे लिहिलेले पदार्थ दिसले, तर तुम्ही योग्य दाराशी आला आहात. अनेक लहान खानावळी रोजचा मेन्यू सकाळी फेसबुकवर टाकतात. तो पाहून निघावे.

जुनी चर्चेस, केशकर्तनालये आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेली महाविद्यालये यांच्या आसपास ही ठिकाणे अधिक आढळतात. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला विचारायचे असेल तर खाण्यापिण्याचा विषय निघालेला असताना, जसे आपण कोणालाही विचारू तसे विचारावे. केवळ त्याच्या वर्णाकडे पाहून, ओळख नसताना त्याला गाठून हा प्रश्न करू नये. तुम्हाला कोणी पहिल्याच भेटीत फक्त ‘बटर चिकन कुठे चांगले मिळते’ एवढेच विचारले तर कसे वाटेल, याचा विचार केला की हे चटकन लक्षात येते.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ‘तो भाग बरा नाही, तिकडे जाऊ नका’ असे सांगणारे आपल्याच लोकांत पुष्कळ भेटतील. सांगणाऱ्याला एवढेच विचारावे की तुम्ही स्वतः तिथे कधी गेला होता. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असे येते. परक्या शहरात कुठेही पाळावी ती सावधगिरी इथेही पाळावी, पहिल्यांदा दुपारच्या जेवणाला जावे आणि ज्या वस्तीत लोक मुलाबाळांसह राहतात, शाळेत जातात, रविवारी चर्चमध्ये जातात, तिच्याविषयी ऐकीव भीती मनात धरून बसू नये.

दक्षिणी जेवण, बार्बेक्यू आणि लुइझियानाचे क्रिओल जेवण ही सोल फूडची जवळची नातलग मंडळी आहेत, पण ती वेगळी आहेत. बार्बेक्यूच्या दुकानात धुरावर भाजलेले मांस हाच मुख्य विषय असतो आणि पालेभाजी नावापुरती असते. पहिल्या ओळखीसाठी तिथे जाऊ नये.

दिवस आणि वेळ

रविवारी चर्च सुटल्यानंतर, म्हणजे दुपारी साडेबारापासून पुढे, अशा खानावळींत मोठी गर्दी असते. कुटुंबे ठेवणीतले कपडे घालून, आजी-आजोबांना घेऊन येतात. ते पाहण्यासारखे असते. पण नवख्या माणसाला त्या गर्दीत प्रश्न विचारता येत नाहीत आणि वाढणाऱ्यांनाही उत्तरे द्यायला सवड नसते. म्हणून पहिली खेप मंगळवार ते शुक्रवारच्या दरम्यान, दुपारी साडेअकराच्या सुमारास करावी. त्या वेळी भांडी नुकतीच भरलेली असतात. सोमवारी, आणि कुठे कुठे मंगळवारीही, बऱ्याच खानावळी बंद असतात. संध्याकाळी उशिरा गेल्यास पदार्थ संपलेले असण्याची शक्यता असते. याचा राग मानू नये. रोजचे रोज शिजवणाऱ्या घरात भांडे रिकामे होणारच.

निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: आज कोणत्या भाज्या आहेत, बसून जेवायची सोय आहे की फक्त बांधून मिळते, आणि कार्ड चालते की रोख पैसे लागतात. शुक्रवारी बहुधा मासे असतात. ऑक्सटेल, टर्कीचे पंख असे तासन् तास शिजणारे पदार्थ काही ठिकाणी ठरावीक वारीच मिळतात.

आत गेल्यावर

दोन प्रकारच्या पद्धती आढळतात. एकीत टेबलावर बसायचे आणि वाढपी येऊन ऑर्डर घेते. दुसरीत काचेसमोर रांगेत उभे राहायचे, पलीकडच्या बाई विचारतील तसे सांगत पुढे सरकायचे आणि शेवटी पैसे द्यायचे. दुसरी पद्धत नवख्याला सोयीची, कारण पदार्थ डोळ्यांनी दिसतो. मात्र आपली पाळी आल्यावर विचार करत उभे राहू नये; रांगेत असतानाच फळा वाचून ठरवून ठेवावे.

जेवणाची रचना सोपी आहे: एक मांसाचा किंवा माशाचा पदार्थ, दोन किंवा तीन ‘साइड्स’ आणि कॉर्नब्रेड. आपल्या पानात डावी-उजवी बाजू भरल्याशिवाय भातावर वरण पडत नाही, तसेच हे आहे. साइड्स ही वरकड गोष्ट नव्हे. कोंबडी मागितली की ‘डार्क की व्हाइट’ असा प्रश्न येतो. डार्क म्हणजे तंगडी आणि मांडी, व्हाइट म्हणजे छातीचा तुकडा आणि पंख. व्हाइटला बऱ्याचदा थोडे जास्त पैसे पडतात. चव डार्कला अधिक असते. ‘स्मदर्ड’ हा शब्द दिसला की पदार्थ कांद्याच्या दाट, तपकिरी ग्रेव्हीत मुरवलेला आहे असे समजावे. ‘भातावर ग्रेव्ही घालू का’ असे विचारले जाईल आणि ती ग्रेव्ही मांसाच्या रसाचीच असते. ऑक्सटेल हे गोवंशाचे मांस आहे, पोर्क चॉप आणि हॅम हॉक डुकराचे. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत. ‘चिटलिन्स’ म्हणजे डुकराचे आतडे. ते साफ करायला फार मेहनत लागते आणि शिजताना वासही उग्र येतो. वजडी खाणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल वाटणार नाही. टाकाऊ म्हणून दिलेल्या भागातून चव काढण्याची हीच विद्या आपल्याकडेही ज्यांच्या वाट्याला तेच भाग आले त्यांनी जपली आहे.

कोंबडी ऑर्डरनंतर तळली जात असेल तर वीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागते. ती थांबण्यासारखीच असते.

ताट कसे भरून घ्यावे

पहिली निवड कॉलर्ड ग्रीन्सची करावी. कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी, रुंद आणि जाड पानांची ही भाजी आहे. काही ठिकाणी तिच्यात मोहरीचा पाला किंवा सलगमचा पालाही घालतात. मधला जाड देठ काढून पाने गुंडाळून चिरतात आणि धुरावलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर, कांदा आणि लाल मिरची घालून शिजवत ठेवतात. बाई झाऱ्याने भाजी उचलतात तेव्हा लक्ष द्यावे. पाने मऊ होऊनही त्यांचे तुकडे ओळखू यायला हवेत, रंग गडद ऑलिव्हसारखा हवा आणि झाऱ्यातून खाली पडणाऱ्या रसावर तेलाचे बारीक ठिपके चमकायला हवेत. त्या रसाला ‘पॉट लिकर’ म्हणतात. या भाजीचा सगळा जीव त्यात असतो, म्हणून ‘थोडा रसही द्या’ असे आवर्जून सांगावे. टेबलावर एक बाटली दिसेल, पातळ व्हिनेगरमध्ये अख्ख्या बुटक्या मिरच्या बुडवलेली. त्यातल्या व्हिनेगरचे चार थेंब भाजीवर शिंपडले की चव एकदम उठून येते. आपण पालेभाजीवर लिंबू पिळतो, त्याचेच हे भावंड. तिखटाची बाटली वेगळी असते आणि ती कोंबडीसाठी व माशासाठी वापरतात.

दुसरी निवड चवळी किंवा भेंडी. चवळी इथे ‘ब्लॅक-आइड पीज’ या नावाने मिळते, फोडणी नसलेली, जरा दाटसर रसाची. १ जानेवारीला ती भाताबरोबर शिजवतात. चवळीचे दाणे म्हणजे नाणी, हिरवी भाजी म्हणजे नोटा आणि कॉर्नब्रेड म्हणजे सोने, असा नव्या वर्षाचा शकुन त्यामागे आहे. भेंडी दोन प्रकारे असते. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली कुरकुरीत भेंडी सगळ्यांनाच आवडते. पण टोमॅटोबरोबर शिजवलेली, थोडी बुळबुळीत भेंडी मिळत असेल तर तीही चाखून पाहावी. आपण भेंडीचा चिकटपणा घालवण्यासाठी आमसूल किंवा ताक घालतो आणि इथे टोमॅटो तेच काम करतो. आफ्रिकेतील बांटू भाषांतल्या भेंडीच्या नावावरूनच ‘गंबो’ हा, लुइझियानाच्या दाट रश्श्याच्या पदार्थाचा, शब्द आला आहे.

‘कँडीड याम्स’ हे नाव फसवे आहे. याम म्हणजे खरे तर कोनफळाच्या जातीचा कंद. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनी अमेरिकेतल्या रताळ्याला आपल्या ओळखीच्या कंदाचे नाव दिले आणि ते टिकले. लोणी, साखर, दालचिनी आणि जायफळ घालून पाकात शिजवलेली ही रताळी एकादशीच्या रताळ्याच्या गोड कापांची आठवण करून देतात. ती गोड असूनही जेवणातच वाढली जातात, शेवटी नव्हे. खारट पालेभाजीचा एक घास आणि गोड रताळ्याचा एक घास असे आळीपाळीने खावे, दोघांचे जमते. मॅक अँड चीज इथे डब्यातल्या पावडरीचे नसते, तर अंडे, दूध आणि चीज घालून भट्टीत भाजलेले असते आणि त्याचा चमच्याने उचललेला तुकडा घट्ट उभा राहतो. कडेचा खरपूस तुकडा मागून घ्यावा.

कॉर्नब्रेडबद्दल घराघरांत मतभेद आहेत. कोणी साखर घालतात, कोणी साखरेचे नावही काढू देत नाहीत. जुन्या पद्धतीत बिडाचे जड भांडे आधी चरबी घालून चांगले तापवतात आणि मग त्यात मक्याच्या पिठाचे मिश्रण ओततात, म्हणून खालचा पापुद्रा बिडाच्या तव्यावरच्या घावनासारखा सोनेरी होतो. याच घरातला ‘हॉट वॉटर कॉर्नब्रेड’ मराठी माणसाने अवश्य मागावा. मक्याच्या पिठावर उकळते पाणी ओतून, आपण भाकरीसाठी उकड काढतो तशी उकड काढतात, हाताने चपटे वडे थापतात आणि तळतात. मला पहिल्यांदा तो मिळाला तेव्हा त्यावर थापणारीच्या चार बोटांच्या खुणा तशाच होत्या, आणि आईच्या भाकरीच्या कडेवर उमटणारी बोटे आठवून मी घासभर थांबले होते.

मासे खाणाऱ्यांनी कॅटफिश किंवा व्हायटिंग घ्यावा. रवा लावून तळलेल्या माशाची सवय असलेल्या कोकणी आणि गोव्याच्या माणसाला मक्याच्या पिठाचे हे जाडसर कवच लगेच आपलेसे वाटते. काटे नको असतील तर ‘फिले’ असे सांगावे.

पेय म्हणून गोड थंड चहा येतो. ‘स्वीट टी’ म्हणजे फारच गोड. मधुमेह असणाऱ्यांनी बिनसाखरेचा मागावा किंवा अर्धा-अर्धा करून घ्यावा. गोडात रताळ्याचा पाय, पीच कॉबलर आणि केळ्याचे पुडिंग ही तीन नावे पुरेत. पोटात जागा नसेल तर गोड बांधून घ्यावे, कारण वाढ मोठी असते. एका ताटात दोन साधी जेवणे सहज होतात. हे सगळे रोजचे जेवण नाही, हेही ध्यानात असावे. खानावळीत मिळते ते बहुतांशी रविवारचे आणि सणावाराचे अन्न आहे. पुरणपोळी आणि श्रीखंड पाहून मराठी माणूस रोज एवढे गोड खातो असे कोणी म्हटले तर ते जितके खरे, तितकेच ‘हे लोक रोज तळलेलेच खातात’ हे खरे.

शाकाहारी असाल तर

काही वर्षांपूर्वी मी एका शाकाहारी मैत्रिणीला घेऊन अशा एका खानावळीत गेले होते. मी विचारले, ‘भाजीत डुकराचे मांस आहे का?’ बाईंनी ठामपणे ‘नाही’ सांगितले आणि ते अगदी खरे होते. अर्धी वाटी संपल्यावर मैत्रिणीच्या चमच्यात धुरावलेल्या टर्कीचा धागा आला. ती काही न बोलता उठून गेली, आणि चूक प्रश्न विचारणाऱ्या माझी होती. डुकराचे मांस टाळणारी अनेक स्वयंपाकघरे त्याऐवजी टर्कीची मान किंवा पंख घालतात, कारण त्या धुरकट चवीशिवाय ही भाजी त्यांना अपुरी वाटते. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘या भाजीत कोणतेही मांस, टर्की किंवा मांसाचे पाणी आहे का?’ हाच प्रश्न चवळी, घेवडा, कोबी, भात आणि ग्रेव्ही या प्रत्येकासाठी वेगवेगळा विचारावा. कॉर्नब्रेडमध्ये आणि पायच्या कडेत डुकराची चरबी असू शकते. तळलेली भेंडी कोंबडीच्याच तेलात तळलेली असू शकते. मॅक अँड चीजमध्ये बहुधा अंडे असते.

दक्षिणेत ‘व्हेजिटेबल प्लेट’ नावाचा प्रकार असतो, त्यात तीन-चार साइड्स आणि कॉर्नब्रेड मिळतो, आणि मॅक अँड चीज या यादीत भाजी म्हणूनच गणले जाते. नावावरून तो शाकाहारी समजू नये. पण वरचे प्रश्न विचारून घेतले तर पोटभर जेवण याच ताटातून होते. पूर्ण खात्री हवी असेल तर शाकाहारी सोल फूडच्या वेगळ्या खानावळी शोधाव्यात. कृष्णवर्णीय समाजात शाकाहाराची स्वतःची जुनी परंपरा आहे आणि अटलांटा, शिकागो, ओकलंड अशा शहरांत ती चांगली रुजली आहे. डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेच्या लोकांकडून आलेला ‘बीन पाय’ही मिळाल्यास खाऊन पाहावा, पांढऱ्या घेवड्याच्या वाटणात साखर, मसाले आणि अंडी घालून केलेला हा गोड पदार्थ आहे. पुरण ज्यांच्या घरी शिजते त्यांना कडधान्याचा गोडवा समजावून सांगावा लागत नाही.

बोलताना आणि पैसे देताना

आत शिरल्यावर समोरच्यांना आधी ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे आणि मग मागणी सांगावी. तुम्हाला ‘बेबी’ किंवा ‘हनी’ म्हणून हाक मारली जाईल. त्यात ‘बाळा’ म्हणण्यातला जिव्हाळा आहे. उत्तर देताना मात्र ‘येस, मॅम’ आणि ‘येस, सर’ असेच म्हणावे. आपल्या तोंडात वयस्क बाईंसाठी ‘आंटी’ हा शब्द सहज येतो आणि आपल्या मनात त्यात आदरच असतो. इथे तो वापरू नये. गोरे लोक कृष्णवर्णीय बाईला ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ म्हणायचे टाळून तिला ‘आंटी’ म्हणत, पुरुषाला ‘बॉय’ म्हणत, आणि हा अपमान पिढ्यान् पिढ्या चालला. अलाबामाच्या न्यायालयात सरकारी वकिलाने मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला नुसते ‘मेरी’ म्हटले, तिने ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही असे सांगितले, त्याबद्दल तिला शिक्षा झाली आणि ती शिक्षा १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ‘आंट जमायमा’ हे पॅनकेकच्या पिठाचे नावही याच इतिहासामुळे २०२१ मध्ये बदलले गेले. बरोबर मुले असतील तर घरून निघतानाच त्यांना ‘मॅम’ म्हणायला सांगावे.

तेवढेच महत्त्वाचे दुसरे. आपसांत मराठीत बोलताना रंगावरून जे शब्द आपल्याकडे सर्रास वापरले जातात, ते तिथे तर नाहीच, पण कुठेच वापरू नयेत. भाषा कळली नाही तरी सूर आणि नजर कळते. जेवणाऱ्यांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. आपल्या ताटाचे खुशाल काढावे.

टेबलावर येऊन वाढले असेल तर कर धरण्यापूर्वीच्या बिलावर १८ ते २० टक्के टिप ठेवावी. काचेसमोरून घेतले असेल तर बरणीत एक-दोन डॉलर टाकणे चांगले. निघताना भाजी आवडली असे सांगून जावे आणि नेमके काय आवडले तेही सांगावे. ‘कोंबडी छान होती’ हे त्यांना रोजच ऐकायला मिळते. ‘ग्रीन्सचा रस फार चांगला उतरला होता’ असे म्हटले की पुढच्या खेपेला तुमच्या वाटीत तो न मागता पडतो.

उरलेले घरी नेल्यावर

तळलेली कोंबडी मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, तिचे कवच ओले होते. ओव्हनमध्ये जाळीवर ठेवून गरम करावी. पालेभाजी दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, ती मंद आचेवर रसासकट तापवावी. कॉर्नब्रेड शिळा होऊन कोरडा पडला असेल तर तो टाकू नये. खोलगट वाटीत त्याचा चुरा करावा, वर पॉट लिकर कढत कढत ओतावे, आणि दुधात भाकरी कुस्करतो तसे बोटांनी कुस्करून, मिरचीच्या व्हिनेगरचे दोन थेंब घालून सकाळी खावे.